सिस्टरांचा ओव्हर

“वहिनी, मला एक सांगा. सहासष्ट वर्षांच्या बाईला भरल्या हॉलमध्ये कुणी ‘रोल नंबर अकरा’ अशी हाक मारली, तर तिनं ओ द्यावी का?”

शेजारच्या सिस्टर त्यांच्या नर्सिंगच्या बॅचच्या गेट-टुगेदरहून आदल्या रात्रीच्या गाडीने परतल्या होत्या. त्या घरी नव्हत्या तेवढ्यात आमच्या गल्लीत कुणाचं बीपी किती याचा कुणालाच पत्ता नव्हता, आणि समोरच्या अण्णांनी इन्सुलिनचं पेन हातात धरून त्यांच्या फाटकाची कडी उगाच वाजवून पाहिली होती. मी मेथीची जुडी घेऊन भिंतीपाशी गेले. भिंत तशी खांद्याएवढी, पण सिस्टर उंचीनं बेताच्या, म्हणून त्यांच्या अंगणात भिंतीला लागून एक पालथी बादली कायमची ठेवलेली असते. सिस्टर नुसत्या टाचा उंचावून बोलल्या तर काहीतरी काम असतं; बादलीवर चढल्या तर बातमी असते. आज बादलीवर होत्या.

“मग दिली ओ?”

“ओ कसली देतेय, ताडकन उभी राहिले! गुडघा कळवळला तो निराळाच. आणि मी एकटी नाही हो, जिचा नंबर पुकारला ती उठून उभी. आमच्या ट्यूटरबाई आल्या होत्या. वय शहाऐंशी, नातवानं व्हीलचेअरवरून आणलं. आयोजकांनी हार घातला, शाल दिली, माईक पुढे केला. तर म्हणाल्या, भाषण नको, आधी हजेरी घेते. आम्हाला वाटलं गंमत करताहेत. पण घेतली की! एक ते चाळीस, आडनावांसकट, तोंडपाठ. जी आली नाही तिच्या नंबरावर थांबायच्या, मग आमच्यातली कुणीतरी सांगायची. ‘कॅनडात आहे बाई.’ ‘सुनेचं बाळंतपण आहे बाई.’ ‘गेली बाई, कोरोनात.’ ‘गेली’ म्हटलं की त्या नुसतं ‘हं’ म्हणायच्या आणि पुढचा नंबर.”

“आणि हजेरी झाल्यावर?”

“हजेरी झाल्यावर, हात पुढे करा म्हणाल्या. नखं बघायला.”

वरच्या गॅलरीत साबुदाण्याच्या चकल्या वाळत घालणाऱ्या काकू इतका वेळ कान देऊन होत्या, त्यांच्याच्यानं आता राहवेना. “अगंबाई, या वयात नखं?”

“या वयात! बावीस आज्या हात पुढे करून उभ्या. आमची एक केरळची आहे, सत्तावीस नंबर. तिनं छान मरून नेलपॉलिश लावलं होतं, तिनं एक हात पदराखाली घेतला. बाई म्हणाल्या, ‘ट्वेंटीसेव्हन, पदराखालचा हात कुणाचा आहे? पेशंटचा का?’”

नर्सबायकांना गोष्ट सांगता येत नाही, असं माझं जुनं मत आहे. त्यांना ओव्हर देता येतो. ड्यूटी बदलताना सकाळची सिस्टर दुपारच्या सिस्टरला खाटेगणिक जे सांगते तो ओव्हर. एक नंबर, हर्निया, काल ऑपरेशन झालं, लघवी झाली. दोन नंबर, ताप उतरला, सलाईन संपत आलंय, नातेवाईक भांडखोर. त्यात कौतुक नसतं, हळहळ नसते. कुणाचं काय झालं आणि काय करायचं राहिलं, एवढंच असतं. सिस्टरांनी त्यांच्या गेट-टुगेदरचा वृत्तान्त मला असाच दिला.

“तीन नंबर. शुगर आहे, पाय सुजतात, मुलगा ऑस्ट्रेलियात. शुगरचं विचारावं लागलं नाही, चपलेचा पट्टा शेवटच्या भोकाला होता. सात नंबर. वाळली आहे. थायरॉईड म्हणते, मला नाही पटत. सोनोग्राफी करून रिपोर्ट ग्रुपवर नको, मला एकटीला पाठव म्हटलं. नऊ नंबर. नवरा गेला, आता बरी आहे.”

“नवरा गेला आणि बरी?”

“नवरा गेल्यापासून बरी आहे. ओव्हर नीट ऐका हो वहिनी.”

आपण शाळेच्या मैत्रिणींना भेटलो तर साड्या बघतो, कुणी केस रंगवले आणि कुणी सोडून दिले ते बघतो. या बायका एकमेकींचे घोटे बघत होत्या, आणि जिना चढताना कोण कितव्या पायरीला थांबतं ते मोजत होत्या. ‘किती छान दिसतेस गं’ हे वाक्य म्हणे सबंध कार्यक्रमात कुणी उच्चारलं नाही. त्याऐवजी, ‘डोळे पिवळट वाटतात तुझे, जरा उजेडात ये बघू.’ मला ही रीत पसंत आहे. छान दिसण्याबद्दल लोक सर्रास खोटं बोलतात. घोट्यांबद्दल बोलत नाहीत.

ही १९७६ची बॅच. “शाळेचं नाव लिहू नका हं,” सिस्टरांनी बजावलंय, “मेट्रनबाईंची नातसून तिथेच नोकरीला आहे.” तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातलं एक सरकारी इस्पितळ आणि त्याचं नर्सिंग स्कूल, एवढं पुरे. कोर्स साडेतीन वर्षांचा, त्यातले शेवटचे सहा महिने सुईणकामाचे. पास झालं की मुंबईच्या नर्सिंग कौन्सिलात नाव नोंदवायचं, मग तुम्ही स्टाफ नर्स. सरकारी कागदावर ‘अधिपरिचारिका’, पण त्या नावानं त्यांना हाक फक्त पगारपत्रकानं मारली.

“तुम्हाला आवड होती म्हणून गेलात?” मी विचारलं.

“आवड? अहो, आम्ही काही नाइटिंगेलबाईंचं चरित्र वाचून गेलो नव्हतो. राहायला होस्टेल, दोन वेळचं जेवण आणि वर महिन्याला स्टायपेंड. माझे वडील गिरणीत होते, घरात पाच भावंडं. १९७२चा दुष्काळ नुकताच सरला होता. वर्गातल्या निम्म्या पोरींची घरं खडी फोडायला गेलेली, मिलोच्या भाकरी आणि सुकडी खाऊन जगलेली. मेसमध्ये पहिल्या दिवशी ताटात गव्हाची पोळी पडली तेव्हा बावीस नंबर रडायला लागली. वॉर्डनला वाटलं हिला घरची आठवण आली. ती परवा स्वतःच सांगत होती, घरची कसली आठवण, पोळी मऊ होती म्हणून रडले.”

त्या वर्षी आणीबाणी होती. डोक्यावर कॅप चढायच्या आधीच या मुलींना कुटुंबनियोजनाच्या कॅम्पला नेलं. काम काय, तर गॉझ कापून घड्या घालायच्या, ऑटोक्लेव्हचे ड्रम भरायचे आणि संध्याकाळी केसेस मोजायच्या. १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८० लाखांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक विधिमंडळात मंजूर करून घेतलं ते आपल्याच राज्यानं; राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही, एवढंच. सिस्टरांना हे सगळं नंतर पेपरातून कळलं. तेव्हा त्यांना दिसली ती रांग.

“एक म्हातारा होता, सत्तरीचा असेल. कुणीतरी गाडीत घालून आणला होता. मला म्हणतो, पोरी, माझी बायको जाऊन दहा वर्षं झाली, तुपाचा डबा देणार असाल तर करा काय ते. मी जाऊन ट्यूटरबाईंना सांगितलं. बाईंनी त्याचा केसपेपर घेतला, चार घड्या केल्या आणि स्वतःच्या एप्रनच्या खिशात घातला. म्हाताऱ्याला म्हणाल्या, आजोबा, मागच्या फाटकानं जा. परवा मी बाईंना विचारलं, आठवतंय का? तर म्हणाल्या, ‘मला काही आठवत नाही, आणि तूही कुठे बोलू नकोस, पेन्शन चालू आहे माझी.’”

काकू वरून हसल्या तेव्हा साबुदाण्याचे दोन ठिपके माझ्या मेथीत पडले.

मी काही वर्षांपूर्वीपर्यंत समजत होते की शिकाऊ नर्स म्हणजे वहीत लिहून घेणारी मुलगी. तो समज सिस्टरांनी १९७७च्या संपाच्या गोष्टीनं घालवला. डिसेंबरात राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखालचा, तो ५४ दिवस चालला. कचेऱ्या बंद राहिल्या तर फायली थांबतात. दवाखाना थांबत नाही. विद्यार्थिनी म्हणजे काही नोकर नव्हेत, त्यांना संप कुठला? वर्ग बंद केले आणि मुलींना वॉर्डात उतरवलं.

“दुसऱ्या वर्षाच्या आम्ही दोघी, मी आणि सोळा नंबर. पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड, चाळीस खाटा, शिवाय जमिनीवरचे वेगळे. रात्रपाळी. वॉर्डबॉय संपावर, मावश्या संपावर, धोबी संपावर. चादरी नाहीत म्हणून नातेवाइकांची लुगडी अंथरली. रात्री दोनला एकाला धाप लागली, वॉर्डातला सिलिंडर संपलेला. मग आम्ही दोघी खालच्या मजल्यावर गेलो, भरलेला सिलिंडर तिरका केला आणि कडेवर फिरवत फिरवत रॅम्पवरून वर आणला. आमचं दोघींचं मिळून वजन नव्हतं तेवढा तो जड. स्पॅनर सापडेना. सोळा नंबरनं वॉर्डातल्या एका पेशंटला उठवलं, एसटीत मेकॅनिक होता तो, पोटाला टाके घातलेले. त्यानं खाटेवर बसल्या बसल्या पक्कड मागवली आणि व्हॉल्व्ह उघडून दिला.”

“आणि धाप लागलेला?”

“सकाळी चहा मागत होता.”

“या सोळा नंबर परवा आल्या होत्या?”

“आली होती. आता तिलाच घरी ऑक्सिजन लागतो. छोटं मशीन घेऊन आली, चाकं असलेलं, बॅगेसारखं ओढत. मला म्हणते, बघ, आता रॅम्प नको नि मेकॅनिक नको.”

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना इस्पितळात फिरवून आणलं. तिथं आता बीएस्सी नर्सिंगचं कॉलेज आहे. सिम्युलेशन लॅबमध्ये एक पुतळा आहे. त्याची नाडी लागते, त्याला घाम येतो, चुकीचं इंजेक्शन दिलं तर तो कण्हतो. यांनी पहिलं इंजेक्शन मोसंबीला दिलं होतं, दुसरं उशीला आणि तिसरं माणसाला, आणि त्या तिघांत कण्हला तो फक्त शेवटचा. काचेच्या सिरिंजा उकळायच्या, सुयांना कापूस ओढून बघायचा, धागा अडकला तर सुई बोथट, मग ती दगडावर घासायची. थर्मामीटर फुटला तर स्टायपेंडमधून कापून. एकीचे पहिल्या वर्षात इतके फुटले की तिच्या घरी मनीऑर्डर जायची ती बंद झाली. तीच पुढे मेट्रन झाली, आणि तिच्या हाताखालच्या मुली सांगतात की ब्रेकेजच्या वहीत तिच्याइतकी कडक कुणी नव्हती.

हे सगळं सांगता सांगता सिस्टर बादलीवरून उतरल्या, शेवग्याच्या दोन शेंगा तोडून माझ्या हातात दिल्या आणि परत चढल्या.

“होस्टेल पाडलं हो. तिथं पार्किंग आहे. लेबर रूम ओळखू येत नाही, एसी आहे. तिथल्या मुलींनी आम्हाला विचारलं, आजी, तुम्हाला काय बघायचंय? आणि आम्ही न ठरवता सगळ्या जणी मागच्या व्हरांड्याच्या टोकाला गेलो.”

“तिथं काय होतं?”

“धनुर्वाताची खोली.”

ही खोली मला माहीत नव्हती, आणि माझ्यापेक्षा लहान कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. खिडक्यांना काळे पडदे. दाराच्या बिजागरीत रोज तेल. चपला बाहेर. आत ड्यूटीवर असलेल्या मुलीनं कुजबुजायचंसुद्धा नाही. कारण दार करकरलं, भांडं पडलं, डोळ्यांवर उजेड आला की पेशंटला झटका यायचा. डोकं आणि टाचा एवढ्याच गादीला टेकलेल्या, मधलं सगळं शरीर वर उचललेलं, आणि माणूस पूर्ण शुद्धीवर. मोठी माणसं असायचीच, शेतात खिळा लागलेली. पण निम्म्या खाटा बाळांच्या.

“सुईणीनं विळ्यानं नाळ कापलेली, वर राख नाहीतर शेण लावलेलं. सहाव्या-सातव्या दिवशी आई घेऊन यायची. म्हणायची, कालपर्यंत पीत होतं, आज तोंडच उघडत नाही. तेवढं एक वाक्य ऐकलं की पुढचं सगळं आम्हाला कळायचं. नळीनं दूध, दर इतक्या तासांनी औषध, आणि अंधारात बसून राहायचं. किती वाचली ते विचारू नका. आता विचारा, त्या खोलीत काय आहे.”

“काय आहे?”

“झेरॉक्सचं मशीन! धडधड चालू. निम्म्या जणींनी दाराशी चपला काढल्या, सवयीनं. झेरॉक्सवाला पोरगा बघतच राहिला. भारतातून माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचं २०१५ साली जाहीर झालं ना, ते मी त्याला सांगायला लागले, की बाबा रे, इथं असं असं होतं. तो म्हणाला, आजी, किती कॉप्या काढायच्यात?”

सिस्टर यावर एवढ्या हसल्या की बादली डळमळली. मला हसू आलं नाही. धनुर्वात काही मंत्रानं गेला नाही. गरोदर बायकांना टीटीची दोन-दोन इंजेक्शनं, बाळांना त्रिगुणी लस, दवाखान्यात बाळंतपण, नाळ कापायला नवं ब्लेड. हे सगळं उन्हातान्हात कुणीतरी वाडीवस्तीवर जाऊन केलं. या बॅचमधल्या सहा-सात जणींची उभी नोकरी त्यातच गेली. एका रोगाची खोली रिकामी करून तिथं झेरॉक्सचं मशीन बसवण्याइतकं काम फार थोड्या लोकांच्या हातून होतं.

पण सिस्टरांपुढे असं काही बोलायची सोय नाही. त्या लगेच विषय बदलतात. बदललाच.

“ती केरळची सत्तावीस नंबर आहे ना, तिचं ऐका. आमच्यात अशा सहा जणी होत्या, कोट्टयम, अलेप्पीकडच्या. मराठीचं अक्षर येत नव्हतं. ट्यूटरबाई इंग्रजीत शिकवायच्या, ते यांना आमच्याहून बरं यायचं. पण वॉर्डात काय? मग यांना मराठी शिकवलं पेशंटांनी. म्हणजे कसली मराठी, तर कळ मारते, ठणका लागलाय, पोटात गोळा फिरतोय, पाठीत चमक भरली, अंग मोडून आलंय. एवढं अस्खलित! पण बाजारात भाजी मागता येत नाही. पुढं तिनं सांगलीकडच्या एका मास्तराशी लग्न केलं. पहिल्या दिवशी सासूनं विचारलं, बरं वाटतंय का गं आमच्याकडे? तर ही म्हणाली, होय, कालपेक्षा आराम आहे.”

काकूंनी चकल्या सोडून कठड्याला टेकून घेतलं. आता त्याही ओव्हरला हजर.

“आणि बाळंतपणं? तुम्हाला म्हणे मोजून करावी लागायची.”

“वीस! वीस नॉर्मल डिलिव्हऱ्या स्वतःच्या हातानं, केसबुकात लिहून, वर सिस्टरची सही. त्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. आम्ही चाळीस जणी आणि बाया येणार त्यांच्या वेळेनं. भांडणं व्हायची. तुझी झाली अठरा, ही मला दे. अमावास्येला जास्त येतात म्हणून एक जण अमावास्येची नाईट मागून घ्यायची. येत काही नव्हत्या जास्त, पण तिची समजूत. पाच नंबरची एकोणीस झाली आणि विसावी मिळेना. ती लेबर रूमच्या दाराशी चटई टाकून झोपली. पहाटे बाई आली ती जुळ्यांची. झालं! एकवीस झाली. तर सिस्टर म्हणाल्या, आई एक ना, मग केस एकच. यावर परवा पुन्हा वाद झाला. पंचेचाळीस वर्षांनी! अर्ध्या म्हणाल्या एक, अर्ध्या म्हणाल्या दोन. बाईंनी निकाल दिला, एक.”

यांच्या लग्नांच्या गोष्टी मात्र एका बैठकीत संपणाऱ्या नाहीत, आणि सगळ्या हसण्यावारी नेण्यासारख्याही नाहीत. आपल्याकडे आजारपणात जिला ‘सिस्टर, सिस्टर’ म्हणून हाका मारायच्या, ती सून म्हणून नको असायची. रात्रपाळी करते, परक्या पुरुषांना हात लावते. रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनानं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुली-बायकांना नर्सिंगच्या शिक्षणाची वाट काढून दिली, तेव्हाही हेच बोललं गेलं, आणि १९८०मध्ये आमच्या सिस्टरांना बघायला आलेल्या स्थळांनीही हेच म्हटलं. आमच्या काकांनी, म्हणजे सिस्टरांच्या यजमानांनी, हो म्हटलं. पण त्यांच्या आईंनी पुढं कितीतरी वर्षं गल्लीत सांगितलं की सून सिव्हिलला क्लार्क आहे. मला माझ्या सासूबाईंनी सांगितलेलं आठवतं, की बाईसाहेब क्लार्क आहेत पण साडी पांढरीच नेसतात. एका रात्री अण्णांच्या वडिलांना दम्याचा झटका आला, सिस्टर नेसत्या साडीवर धावल्या, गॅसवर सिरिंज उकळून इंजेक्शन दिलं, आणि क्लार्कपण संपलं. त्या दिवसापासून त्या गल्लीच्या सिस्टर. फी कधी घेतली नाही. शेंगाचटणी मात्र घेतात, चार घरची, आणि कुणाची खवट आहे ते तोंडावर सांगतात.

“त्या परदेशात गेलेल्या आल्या होत्या का कुणी?” काकूंना परदेशाचं फार.

“कुवेतवाली आली होती. एकतीस नंबर. तिचं माहितेय ना तुम्हाला? १९९०च्या ऑगस्टात सद्दामचं सैन्य शिरलं तेव्हा ती तिथल्या दवाखान्यात होती. बँका बंद, पगार अडकला, सोनं उशीच्या अभ्र्यात शिवून ठेवलं. मग बसनं इराकातून जॉर्डनच्या अम्मानपर्यंत, वाळवंटात तंबूत, आणि तिथून एअर इंडियाच्या विमानानं मुंबई. लाखावर माणसं आणली तशी. तिला विचारलं, सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटलं? मला वाटलं सोनं म्हणेल. म्हणाली, आयसीयूत दोन पेशंट होते, त्यांचा ओव्हर द्यायला कुणी नव्हतं. कागदावर लिहून उशाशी ठेवला आणि निघाले.”

“आणि मग?”

“मग काय? लढाई संपल्यावर परत गेली. घराचे हप्ते होते. आता पुण्यात फ्लॅट आहे, आणि नात जर्मन शिकतेय. तिकडं नर्स म्हणून जायचं तर म्हणे बी-टू परीक्षा लागते. आता स्थळं विचारतात, मुलगी नर्सिंग करते का? करते म्हटलं की दोन दिवसांत फोन.” सिस्टरांनी ‘आता’ या शब्दावर असा काही जोर दिला की पुढं कुणी बोललंच नाही.

मग त्यांनी चौदा नंबरचं सांगितलं. पास होऊन ती मुंबईला केईएमला लागली. तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३च्या रात्री त्याच रुग्णालयात हल्ला झाला, त्यानंतर तीन वर्षांनी ही बॅच होस्टेलवर राहायला आली. त्यामुळे घरून निघताना प्रत्येकीच्या आईनं काय सांगितलं असेल ते सांगायला नको. केईएमच्या परिचारिकांनी त्या हल्ल्यानं अंथरुणाला खिळलेल्या अरुणांना १८ मे २०१५ला त्या जाईपर्यंत सांभाळलं. मधे त्यांना दुसरीकडे हलवायचं घाटलं तेव्हा आंदोलन केलं, आणि २०११च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातही त्यांच्या सेवेचं कौतुक नोंदवलं आहे. हे सगळं पेपरात येऊन गेलेलं. चौदा नंबरनं त्यातलं काहीच सांगितलं नाही म्हणे. तिच्याही वाट्याला काही वर्षं ती ड्यूटी होती. तिनं एवढंच सांगितलं: “बेडसोर होऊ दिला नाही.”

“तुम्हाला काही वाटणार नाही त्याचं, वहिनी. आम्ही बावीस जणींनी तिच्याकडे बघितलं ते निराळंच. दर दोन तासांनी कूस बदलायची. पाठ पुसायची, पावडर लावायची, चादरीची सुरकुती काढायची. दिवसातून बारा वेळा, आणि वर्षं किती, तर बेचाळीस. करा हिशोब.”

मी हिशोब केला नाही. मेथी निवडून झाली होती आणि आमच्या घरात कुकरच्या शिट्ट्या कुणी मोजत नव्हतं. पण काकूंना शेवटचं हवं होतं. “रात्री राहिलात कुठं? नाचगाणी झाली का?”

“हॉटेलात. नाच कुठला, नऊला सगळ्यांच्या गोळ्या. टेबलावर डबे मांडले आणि तुझी कुठली, माझी कुठली. मेटफॉर्मिन तर वाटीनं वाटण्याइतकी. मग झोपायला गेलो आणि सतरा नंबर ओरडली, अगं ही बेड बघा! चादर नुसती खाली खोचलेली, कोपरा नाही काही नाही. मग सगळ्या खोल्यांमधल्या सगळ्या खाटा आम्ही नव्यानं घातल्या. पंचेचाळीस अंशांचा कोपरा, पाकिटासारखा, उशीच्या अभ्र्याचं तोंड दाराच्या उलट्या बाजूला. मी इथून सगळ्यांना द्यायला सोलापुरी टॉवेल नेले होते, तेही एकसारखी घडी करून पायथ्याशी. सकाळी रूम सर्व्हिसचा पोरगा आला आणि मॅनेजरला बोलावून घेऊन गेला. मॅनेजर म्हणाला, मॅडम, आमच्या हाऊसकीपिंगला ट्रेनिंग द्याल का? सतरा नंबरनं विचारलं, स्टायपेंड किती?”

एवढ्यात सिस्टरांच्या पदराच्या गाठीतला मोबाइल वाजला. वाजला म्हणजे एकदा नाही, लागोपाठ आठ-दहा वेळा. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि कपाळाला आठ्या पडल्या.

“काय झालं?”

“वर्गणीतले पैसे उरलेत. आठ हजार तीनशे. तीन नंबर म्हणते शाळेला व्हीलचेअर देऊ. कुवेतवाली म्हणते व्हीलचेअर एवढ्यात चांगली येत नाही, भर मी घालते. मेट्रन म्हणते आधी पावत्या दाखवा. आणि पाच नंबरनं काय लिहिलंय बघा: पैशांचं राहू द्या, जुळ्यांचा निकाल मला मान्य नाही.”

“मग तुम्ही काय म्हणणार?”

“मी आधीपासून दोन म्हणतेय,” सिस्टर बादलीवरून उतरत म्हणाल्या, आणि अंगणातच उभ्या राहून एका बोटानं टाइप करायला लागल्या.